‘अपवाद’ म्हणून घेतलेल्या: अठराव्या शतकातील युरोपच्या चित्रकर्ती

लंडनच्या रॉयल अकादमीतील सदस्यांचे एक प्रसिद्ध समूहचित्र आहे. योहान झोफनी या जर्मन चित्रकाराने ते १७७१-७२ मध्ये रंगवले. आज ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. टांगलेल्या मोठ्या दिव्याच्या उजेडात अकादमीचे मानकरी जमले आहेत. कोणी गप्पांत रमला आहे, कोणी विचारात उभा आहे. अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या हाती बहिऱ्या माणसाचा कर्णा आहे. उजव्या बाजूला एक नग्न पुरुष मॉडेल बसला आहे आणि त्याची पोझ ठीक केली जात आहे.

या सभेला दोन सदस्य प्रत्यक्ष हजर नाहीत. अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी १७६८ मध्ये अकादमी स्थापन झाली तेव्हापासूनच्या सदस्य. त्यांना वगळणे झोफनीला शक्य नव्हते आणि नग्न पुरुषासमोर बसवणे शिष्टाचारात बसत नव्हते. त्याने तोडगा काढला. मागच्या भिंतीवर दोघींची दोन अंधूक व्यक्तिचित्रे टांगली. चित्रे काढणाऱ्या दोघी स्वतःच भिंतीवरची चित्रे झाल्या.

या काळातील चित्रकर्तींविषयी आज जे लिहिले जाते, त्याच्या मथळ्यात बहुधा ‘पहिली महिला’ हे शब्द असतात. ते वाचून बरे वाटते. पण ‘पहिली’ म्हटले की तिच्यामागून दुसरी, तिसरी आलीच असेल असे मन परस्पर ठरवून टाकते. लंडनमध्ये कॉफमन आणि मोझर यांच्यानंतर अकादमीची पूर्ण सदस्य झालेली स्त्री म्हणजे लॉरा नाइट, आणि ते वर्ष १९३६. मध्ये १६८ वर्षे गेली. दोघींना आत घेतले आणि दार पुन्हा लावून घेतले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

म्हणून या धाग्यातला मुद्दा जरा वेगळा आहे. अठराव्या शतकातील कलासंस्थांसाठी अपवाद करणे ही नियम टिकवण्याचीच एक रीत होती. त्या काळच्या चित्रकर्तींचे मोल ठरवायचे तर कोण आत शिरली, एवढ्यावर थांबून चालत नाही. आत शिरल्यावर तिने त्या दाराचे काय केले, हेही विचारावे लागते. आणि तसे विचारले की सर्वांत प्रसिद्ध नाव मागे पडते आणि फारसे ऐकू न येणारे एक नाव पुढे येते.

आधी त्या नग्न मॉडेलविषयी, कारण सगळी मेख तिथे आहे.

फ्रान्समध्ये सतराव्या शतकातच चित्रप्रकारांची उतरंड निश्चित झाली होती. सर्वांत वर इतिहासचित्र, म्हणजे बायबल, पुराणकथा किंवा प्राचीन इतिहास यांतील भव्य प्रसंग. त्याखाली व्यक्तिचित्र, मग दैनंदिन जीवनातील दृश्ये, निसर्गचित्र, आणि तळाशी फळे, फुले, भांडी यांचे स्थिरचित्र. पैसा व्यक्तिचित्रात मिळे, प्रतिष्ठा मात्र इतिहासचित्रात होती. अकादमीतील प्राध्यापकपद, राजाकडून मोठी कामे, रोमला जाण्याची शिष्यवृत्ती, हे सारे त्या वरच्या पायरीशी बांधलेले होते.

इतिहासचित्रासाठी मानवी देह हात वळणी लागेल इतका ठाऊक असावा लागे. त्याचे शिक्षण ठरलेल्या क्रमाने चाले: प्रथम जुन्या रेखाटनांच्या नकला, मग ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती, आणि शेवटी जिवंत नग्न मॉडेल. (मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी ज्या प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन शिकले, ते याच पद्धतीतून आलेले.) स्त्रियांना या तिसऱ्या पायरीला मज्जाव होता. पॅरिसमध्ये होता, लंडनमध्ये होता. लंडनच्या अकादमीने आपल्या विद्यार्थिनींना मॉडेलसमोर बसू दिले ते १८९३ मध्ये, आणि तेही मॉडेलच्या कमरेला वस्त्र गुंडाळण्याच्या अटीवर.

परिणाम काय झाला, हे सांगायला नको. शिकायच्या वाटा बंद झाल्यावर बहुतेकींनी जे उरले ते हाती घेतले: व्यक्तिचित्रे, लघुचित्रे, पेस्टल, फुले. मग समीक्षकांनी आणि रसिकांनी शोध लावला की स्त्रियांचा पिंडच मुळी कोमल असतो, त्यांना फुलेच आवडतात, भव्य विषय त्यांना झेपत नाहीत. आधी कुंपण घालायचे आणि मग पलीकडे का गेली नाहीस म्हणून स्वभावाला बोल लावायचा, हा प्रकार कलेच्या इतिहासात इतक्या वेळा दिसतो की तो मुद्दाम शिकवला जात असावा अशी शंका यावी.

सभ्यतेचे कारण किती सोयीचे होते, हे कळण्यासाठी आल्प्स ओलांडून इटलीतील बोलोन्याकडे पाहावे. तिथे आना मोरांदी मान्झोलिनी ही स्त्री प्रेतांचे विच्छेदन करून मेणात हुबेहूब अवयव घडवत होती. आरंभी ती नवऱ्याबरोबर हे काम करी. १७५५ मध्ये तो वारल्यावर तिने ते पुढे चालवले आणि शरीररचना शिकवलीही. तिने मेणात स्वतःची प्रतिमा केली. भारी पोशाख, दागिने, आणि हाताखाली उघडलेली मानवी कवटी. म्हणजे एका युरोपीय शहरात स्त्री माणसाचा मेंदू बाहेर काढून दाखवत होती आणि दुसऱ्या शहरात तिने जिवंत माणसाची पाठ पाहिली तरी अकादमीची अब्रू जात होती. बंधन सर्वत्र सारखे नव्हते, म्हणजेच ते अटळ नव्हते.

आता जिथे लढत सर्वांत चुरशीची झाली त्या पॅरिसकडे.

फ्रान्सच्या राजाची चित्र-शिल्प अकादमी १६४८ ची. १६६३ मध्ये तिने पहिली स्त्री घेतली आणि नंतर आणखी काही. १७०६ मध्ये मात्र यापुढे स्त्रियांना घ्यायचेच नाही असे ठरले. चौदा वर्षांनी व्हेनिसची रोझाल्बा कॅरिएरा पॅरिसला आली. पेस्टलला साऱ्या युरोपात जो मान मिळाला त्यात या बाईचा वाटा फार मोठा. कोरड्या रंगकांडीने गालावरची लव आणि केसांवरची पावडर ती अशी उतरवी की तैलचित्र करणारेही थांबून पाहत. तेव्हाचा बालराजा पंधरावा लुई तिच्यासमोर बसला, सरदार-उमराव रांगेत आले. १७२० मध्ये अकादमीने तिला सदस्य करून घेतले. मात्र कागदावर नोंद अशी केली की हा दाखला पुढे कोणी वापरू नये.

ही नोंद लहानशी असली तरी सारी व्यवस्था तिच्यात दिसते. तिचे कौतुक मनापासून होते. शंकाही नाही. फक्त त्या कौतुकातून कोणाचाही हक्क निर्माण होऊ नये, याची काळजी त्याच शाईत घेतली गेली.

१७६७ मध्ये बर्लिनची आना दोरोतेया थेरबुश आली. वय पंचेचाळिशीच्या पुढे, मुले वाढवून झाल्यावर पुन्हा कुंचला धरलेली. तिच्याविषयी तत्त्वज्ञ दिदेरोने लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना करमणूकही होते आणि राग येतो. तो तिच्या प्रामाणिक निरीक्षणाची दाद देतो. तिच्यासमोर अंगावरचे कपडे उतरवून बसल्याचेही मजेत सांगतो. पण पॅरिसमध्ये तिचा निभाव का लागला नाही, याचे त्याने दिलेले कारण म्हणजे तिच्यापाशी तारुण्य, सौंदर्य आणि लाडिकपणा नव्हता. चित्रांत काय कमी होते, हा प्रश्न त्याच्या यादीत मागे पडतो. थेरबुश अकादमीची सदस्य झाली खरी, पण कर्ज डोक्यावर घेऊन तिला पॅरिस सोडावे लागले.

१७७० मध्ये स्थिरचित्रे काढणारी अ‍ॅन व्हालेये-कोस्तेर आणि पेस्टल रंगवणारी मारी-सुझान जिरू यांना एकाच वर्षी प्रवेश मिळाला. लागलीच अकादमी सावध झाली. एका वेळी चारपेक्षा जास्त स्त्री-सदस्य असू नयेत, अशी मर्यादा घातली गेली. पुरुषांना अशी मर्यादा नव्हती. १६४८ पासून १७९३ मध्ये बंद होईपर्यंत या अकादमीने चारशेंहून अधिक पुरुष घेतले आणि स्त्रिया सुमारे पंधरा.

अकादमीबाहेर एक जुनी पायवाट होती: चित्रकारांच्या कारागीर संघाची सँ-ल्यूक अकादमी. मान कमी, पण तिथे स्त्रियांना प्रवेश होता आणि प्रदर्शनही भरे. १७७४ च्या तिथल्या प्रदर्शनात पंचविशीची आदेलाईद लाबिय-गियार आणि एकोणीस वर्षांची एलिझाबेथ विजे या दोघींची चित्रे लागली. पुढची पंधरा वर्षे पॅरिस या दोघींना एकमेकींशी झुंजवत राहिले.

एलिझाबेथ विजे ही पेस्टल-चित्रकाराची मुलगी. बाप ती बारा वर्षांची असताना गेला. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून ती घर चालवू लागली. परवाना नसताना धंदा करते म्हणून अधिकाऱ्यांनी तिचा स्टुडिओ जप्त केला, त्यानंतर तिने सँ-ल्यूकचे सदस्यत्व घेतले. १७७६ मध्ये तिने चित्रांचा व्यापारी ल ब्रँ याच्याशी लग्न केले. तिची मिळकत नवऱ्याच्या हाती जाई; कायद्याने तसेच चालत होते. १७७८ मध्ये तिने राणी मारी आंत्वानेतचे पहिले चित्र केले आणि पुढे तिचे भाग्य त्या राणीशी जोडले गेले.

आदेलाईदची गोष्ट निराळी. तिचा बाप कापड व नटण्यामुरडण्याच्या वस्तूंचा दुकानदार. त्या शतकातील बहुतेक चित्रकर्ती चित्रकारांच्या लेकी होत्या: कॉफमन, मोझर, विजे, सगळ्याच. घरातच स्टुडिओ, घरातच गुरू, म्हणून बाहेरच्या बंदीला बगल देता येई. आदेलाईदपाशी ते भांडवल नव्हते. तिने शेजारच्या लघुचित्रकाराकडे धडे घेतले, मग विख्यात ला तूर यांच्याकडे पेस्टल, आणि त्यानंतर बालपणीचा मित्र फ्रान्स्वा-आंद्रे व्हँसाँ याच्याकडे तैलरंग. गियार नावाच्या नवऱ्यापासून ती १७७९ पर्यंत कायद्याने विभक्त झाली होती. म्हणजे पाठीशी ना बाप, ना नवरा, ना राणी.

१७७६ मध्ये कारागीर संघांवर सरकारी कुऱ्हाड पडली आणि सँ-ल्यूकची पायवाटही गेली. आता राजाच्या अकादमीवाचून दुसरा मार्ग नव्हता. इथे लाबिय-गियारचे डोके दिसते. तिच्याविषयी कुजबुज होती की तिची चित्रे खरे तर व्हँसाँच दुरुस्त करतो. (विजे-ल ब्रँविषयीही अशीच कुजबुज होती, फक्त पुरुषाचे नाव वेगळे. अफवेलाही फार कल्पनाशक्ती लागत नाही.) लाबिय-गियारने खुलासे लिहीत बसण्याऐवजी अकादमीच्या सदस्यांचीच पेस्टल-चित्रे काढायला घेतली. व्हिएँ बसले, शिल्पकार पाजू बसले, इतरही बसले. ज्यांनी उद्या तिच्या प्रवेशावर मत द्यायचे, त्यांनी तासन्‌तास समोर बसून तिचा हात चालताना पाहिला. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच झाले.

३१ मे १७८३ रोजी दोघींना एकाच बैठकीत प्रवेश मिळाला. विजे-ल ब्रँचा मार्ग अडला होता, कारण तिचा नवरा व्यापारी आणि अकादमीला व्यापाराचा विटाळ. राणीने शब्द टाकला, राजाचा हुकूम आला. लाबिय-गियार सदस्यांच्या मतांनी आली. आणि तेव्हाच राजाच्या इमारती व कलांचा प्रमुख अधिकारी दांजिविए याने चारची मर्यादा राजाकडून पक्की करून घेतली. त्या दोघींनी ती बरोबर भरली. दोन स्त्रियांच्या यशाचा दिवस आणि पाचवीला दार बंद होण्याचा दिवस एकच.

त्याच वर्षीच्या सलाँमध्ये, म्हणजे लुव्रमधील सरकारी प्रदर्शनात, दोघींवर पत्रके निघाली. विजे-ल ब्रँने राणीला साध्या मलमलच्या पोशाखात रंगवले होते. राणी अंतर्वस्त्रांत दाखवली असा ओरडा झाला आणि चित्र काढून तिथे रेशमी पोशाखातले लावावे लागले. लाबिय-गियारवर एका निनावी पत्रकात चारित्र्याचे शिंतोडे उडवले गेले. तिने दांजिविएच्या पत्नीला पत्र लिहून ते पत्रक आवरायला लावले. पुरुष चित्रकाराचे चित्र पडले तर त्याचे चित्र पडे. बाईचे चित्र चांगले निघाले तरी तिचे नाव पणाला लागे. लंडनमध्ये १७७५ साली नथॅनिएल होनने एका चित्राच्या कोपऱ्यात नग्न आकृती घालून कॉफमनला डिवचले होते. तिने अकादमीला पत्र लिहिले, निषेध केला, तेव्हा ते चित्र प्रदर्शनातून गेले. अशा लढायांत जो वेळ गेला, त्याचा हिशेब कुठल्याच चरित्रात नसतो.

कॉफमनचा विषय निघालाच आहे तर तिच्या एका कामाविषयी सांगितले पाहिजे. या साऱ्यांत तिनेच हट्टाने इतिहासचित्रे काढली. अकादमीच्या १७६९ मधील पहिल्या प्रदर्शनातच तिने होमरच्या कथांवरील चित्रे ठेवली. १७७८ ते १७८० या काळात अकादमीने सॉमरसेट हाउसमधील आपल्या दालनाच्या छतासाठी तिच्याकडून चार लंबगोल चित्रे करून घेतली. कल्पना, रचना, रंग आणि रेखाटन या चारही शक्ती तिने स्त्रीरूपात रंगवल्या. ‘रेखाटन’ या चित्रातली स्त्री मांडीवर कागद घेऊन समोरच्या पुरुषदेहाचा अभ्यास करते आहे. तो पुरुष म्हणजे बेल्व्हेडेरचा प्रसिद्ध भग्न पुतळा: शिर नाही, हात नाहीत, नुसते दगडी धड. खाली दालनात बसणाऱ्या मानकऱ्यांच्या डोक्यावर ते चित्र राहिले. त्यात उपरोध होता की निव्वळ रूढ प्रतीक, हे ज्याने त्याने ठरवावे. पण जिला फक्त दगड पाहण्याची परवानगी होती, तिने तो दगड छतावर नेऊन लावला, एवढे नक्की.

पुन्हा पॅरिस, १७८५. त्या वर्षीच्या सलाँमध्ये लाबिय-गियारने सुमारे सात फूट उंच आणि पाच फूट रुंद असे आत्मचित्र ठेवले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. निळसर रेशमी झगा, पिसांची टोपी, हातात पॅलेट. समोर प्रचंड कॅनव्हास, ज्याची मागची बाजू तेवढी दिसते. बाजूला अंधारात पाजूने घडवलेला तिच्या बापाचा अर्धपुतळा, त्या दुकानदाराचा. आणि खुर्चीमागे दोन तरुणी. एक मारी-गाब्रिएल कापे, ल्योंच्या एका घरगड्याची मुलगी. ती कॅनव्हासकडे एकटक पाहते आहे. दुसरी मारी-मार्गरीत कारो द रोझमाँ, जी अवघ्या तीन वर्षांनी वारली.

आत्मचित्रे विजे-ल ब्रँनेही काढली आणि ती फार मोहक आहेत. १७८७ च्या सलाँमधल्या आत्मचित्रात तिने मुलीला छातीशी धरले आहे आणि ओठ किंचित उघडे, दात दिसत आहेत. तेवढ्यावरूनही लोकांनी नाके मुरडली. तिची कला थोर आहे, यात वाद नाही. ऑक्टोबर १७८९ मध्ये गरीब बाईच्या वेषात मुलीला घेऊन तिने पॅरिस सोडले आणि इटली, व्हिएन्ना, रशिया असे देश फिरत, स्वतःच्या हाताने कमावत ती बारा वर्षांनी परतली. हे धाडस कमी मानणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तिच्या आत्मचित्रात तिच्यासोबत तिची लेक आहे. लाबिय-गियारच्या आत्मचित्रात तिच्यासोबत तिच्या विद्यार्थिनी आहेत. एकीने जगाला सांगितले की चित्रकर्ती चांगली आईही असते. दुसरीने सांगितले की चार जागा भरल्या असतील, पण आणखी दोघी रांगेत उभ्या आहेत आणि मागे आणखीही आहेत.

होत्याच. १७८३ च्या सुमारास तिच्याकडे नऊ तरुणी शिकत होत्या. त्यांना सलाँमध्ये जागा नव्हती, म्हणून त्यांची चित्रे लागत प्लास दोफीन या चौकातल्या उघड्यावरच्या प्रदर्शनात. तिथे वर्षातून एकदा, ख्रिस्तदेहाच्या सणाला, मिरवणुकीसाठी घरांच्या दर्शनी भिंतींवर पडदे सोडले जात. त्यांवर होतकरू चित्रकार सकाळचे काही तास आपली चित्रे टांगत. पाऊस आला की प्रदर्शन संपले. पुढे नावारूपाला आलेल्या कित्येक चित्रकर्तींचे पहिले प्रेक्षक या रस्त्यावरचे.

लाबिय-गियारला लुव्रमध्ये राहण्याची जागा हवी होती. अकादमीच्या अनेक सदस्यांना ती मिळे. तिला नाकारली गेली. कारण असे की तिच्या विद्यार्थिनी त्याच अंधाऱ्या जिन्यांवरून जाणार, जिथून पुरुष विद्यार्थी जातात. १७८७ मध्ये जाक-लुई दाव्हिदलाही लुव्रमधील आपल्या स्टुडिओत मुलींना शिकवण्यावरून समज मिळाली. म्हणजे मुले टारगट, म्हणून शिकणे थांबवायचे मुलींनी. हा न्याय अठराव्या शतकासोबत संपला असे कोणी म्हणणार असेल तर त्याने आजच्या वसतिगृहांचे नियम वाचावेत.

मग क्रांती आली. २३ सप्टेंबर १७९० रोजी अकादमीच्या सभेत लाबिय-गियार उभी राहिली आणि स्त्री-सदस्यांच्या संख्येला कोणतीही मर्यादा नसावी असा प्रस्ताव तिने मांडला. चारच्या आठ करा, असे तिने म्हटले नाही. ज्या संस्थेने तिला चौघींतली एक म्हणून मिरवले, तिच्याच सभेत तिने आपले दुर्मीळपण नाकारले. अपवाद असण्याचे फायदे असतात. ते सोडायला निघालेली माणसे इतिहासात फार भेटत नाहीत. प्रस्ताव संमत झाला, पण अमलात आला नाही.

यानंतरचे वळण इतिहासाची आवड असलेल्यांनी नीट पाहण्याजोगे आहे, कारण ते आपल्या सरळ अपेक्षांना छेद देते. १७९१ मध्ये सलाँ सर्वांसाठी खुले झाले आणि चित्रकर्तींची संख्या भराभर वाढली. लाबिय-गियारने राष्ट्रीय सभेच्या डझनभराहून अधिक प्रतिनिधींची चित्रे त्यात ठेवली, रोबेस्पिएरचेही. ही क्रांतीची देणगी. पण १७९३ च्या ऑगस्टमध्ये राजाची अकादमी बरखास्त झाली आणि तिच्या जागी आलेल्या कलावंतांच्या क्रांतिकारी मंडळाने स्त्रियांना वगळले. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेत स्त्रियांना स्थानच नव्हते. राजाने चार जागा दिल्या होत्या. प्रजासत्ताकाने त्याही ठेवल्या नाहीत. भिंती मोकळ्या झाल्या, खुर्च्या गेल्या. चित्र लावता येई, पण कोणाचे चित्र लागावे आणि कोणाला शिकवावे हे ठरवणाऱ्या खोलीत बाई उरली नाही. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना घेतले ते १८९७ मध्ये.

लाबिय-गियारला तर याहून जिव्हारी घाव बसला. राजाच्या भावासाठी ती एक भव्य चित्र करत होती: एका सरदाराला राजमान्य पंथाची दीक्षा देण्याचा समारंभ, अनेक माणसांचा. व्यक्तिचित्राच्या पायरीवरून इतिहासचित्राच्या पायरीवर चढण्याची हीच तिची संधी होती आणि ती त्यावर दोन वर्षांहून अधिक काळ राबली होती. १७९३ मध्ये हुकूम निघाला की ते राजनिष्ठेचे चित्र नष्ट करण्यासाठी जमा करावे. तिने जमा केले. मोबदलाही मिळाला नाही. इतके भव्य चित्र तिने पुन्हा हाती घेतले नाही.

आणि घरातली बंधने? त्यांना क्रांतीचा स्पर्श झाला तो घटस्फोटाच्या कायद्याने. १७९२ मध्ये तो आला, पुढल्या वर्षी लाबिय-गियारने गियारशी रीतसर काडीमोड घेतला आणि काही वर्षांनी व्हँसाँशी लग्न केले. पण मारी-गियमीन बनुआचे काय झाले ते पाहावे. दाव्हिदची ही शिष्या. १८०० च्या सलाँमध्ये तिने कॅरिबियन बेटांतून आलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीचे जे चित्र ठेवले, ते आज लुव्रच्या मानबिंदूंपैकी एक आहे. पुढे राजेशाही परतली, तिच्या नवऱ्याला शासनात मोठे पद मिळाले आणि अशा माणसाच्या बायकोने चित्रे प्रदर्शनात मांडणे शोभत नाही असे ठरले. तिने प्रदर्शन थांबवले. कोणत्याही अकादमीचा ठराव लागला नाही. जेवणाच्या टेबलावरचे बोलणे पुरले.

लाबिय-गियारला लुव्रमधील जागा अखेर १७९५ मध्ये मिळाली. जिने तेच होते. कापे तिच्यासोबत तिथे राहायला आली. १८०३ मध्ये लाबिय-गियार वारली. कापेने व्हँसाँचा सांभाळ त्याच्या मृत्यूपर्यंत केला.

गुरू गेल्यानंतर पाच वर्षांनी, १८०८ च्या सलाँमध्ये, कापेने एक चित्र ठेवले. ते आता म्युनिकला आहे. चित्रात लाबिय-गियार जिवंत आहे, ईझलसमोर बसून वृद्ध व्हिएँचे व्यक्तिचित्र करते आहे. व्हँसाँ बाजूला उभा राहून काही सुचवतो आहे, आजूबाजूला माणसांची गर्दी आहे. १७८५ मध्ये खुर्चीमागे उभी असलेली घरगड्याची मुलगी आता गुरूच्या शेजारी बसली आहे. ती तिच्यासाठी पॅलेटवर रंग लावते आहे आणि मान वळवून थेट पाहणाऱ्याकडे बघते आहे.